पब्लिक डावी, पब्लिक उजवी

१८ नोव्हेंबर. सभागृहाला रंग द्यायचा आहे, म्हणून आज साऊंडची केबिन रिकामी करायला घेतली. शिपाई सुटीवर आणि नवा ऑपरेटर अजून कुठली किल्ली कुठल्या कुलपाची तेच शिकतो आहे, त्यामुळे पदर खोचून मीच लागले. सामान निघालं ते असं: धूळ झाडायचे दाढीचे ब्रश, माइकवर चढवायच्या स्पंजच्या टोप्या धुऊन चिमट्यांनी दोरीला लावलेल्या, लवंगांचा डबा, आणि लहान मुलाच्या मापाची एक गोधडी.

नव्या ऑपरेटरनं गोधडी दोन बोटांत धरून विचारलं, "म्याडम, इथं लेकरू झोपत होतं का?"

"लेकरू नाही. मिक्सर."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग काचेतून वर बघत तो म्हणाला, "अन् ते दोन माइक? स्टेजकडं पाठ करून काहून टांगले? पब्लिकले माइक कायले? रंगवाला येऊनच राहिला, तर काढून टाकतो."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"पब्लिकले माइक कायले?" हे वाक्य याच केबिनमध्ये मी आधीही ऐकलं होतं. ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांनीच नंतर ते माइक शिडीवर चढून टांगले. धूळ झटकता झटकता तोच माणूस डोक्यात फिरत राहिला. धानाची मळणी सुरू झाली की हवेत कोंडा असतो आणि मला खोकला असतो. खोकला आला की हमखास भाऊ आठवतात. का, ते सांगते.

भाऊ म्हणजे आमचे जुने साऊंडवाले. सभागृह तालुक्याच्या गावचं. बुकिंग, पावत्या, पाहुण्यांचे हार आणि संडासाची सफाई हे माझ्याकडे, आवाज त्यांच्याकडे. ही वाटणी त्यांनीच केली होती आणि त्यात माझ्या बाजूला चार कामं आणि त्यांच्या बाजूला एक आहे, हे त्यांना कधी दिसलं नाही.

भाऊंचा एक सिद्धांत होता. "आवाजाले हवा लागली का नासते." गळ्यातून माइकपर्यंत जी चार बोटं हवा लागते, तीही त्यांना सलायची. तिथून पुढं मात्र आवाजानं तारेतच राहावं, असं त्यांचं म्हणणं. जुन्या काळी ते सभागृहाच्या मधोमध टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्डिंग करत, आणि त्यात पंखे, रडणारी पोरं, शेंगदाण्याची पुडी फाडणारे, सगळेच येत. भाऊंनी आयुष्यभरात एकही कार्यक्रम असा टिपला नव्हता, ज्यात दुसरं कोणी शिंकलेलं नाही. ते हे सांगायचे तेव्हा दुसरा माणूस पोरीचं लग्न जमत नाही म्हणून सांगेल, तसा चेहरा व्हायचा.

मग सरकारी निधीतून डिजिटल मिक्सर आला. एक बटण दाबलं की त्याच्या सरकपट्ट्या आपोआप वरखाली होतात. पहिल्या दिवशी ते बघून शिपायानं हात जोडले. भाऊंनी जोडले नाहीत, पण चपला बाहेर काढल्या, आणि त्या दिवसापासून केबिनमध्ये चपला बंद झाल्या. प्रत्येक माइकची तार या मिक्सरमध्ये यायची आणि तिथूनच आवाज थेट हार्डडिस्कमध्ये जायचा. सभागृहातला गोंगाट त्यात यायला वाटच नव्हती. भाऊ म्हणाले, "म्याडम, आता पब्लिक मेली तरी रेकॉर्डिंगमधी येत नाही."

"पब्लिक मेली तर मले पंचनामा करा लागन," मी म्हटलं.

मिक्सरवर गोधडी असायची, थंडीत दोन. एकदा प्रजासत्ताकदिनी भाऊंचा सत्कार केला आणि कोशाच्या रेशमाची शाल दिली. ती त्यांनी स्टेजवरून उतरून सरळ केबिनमध्ये नेली आणि मिक्सरला पांघरली. खांद्यावरून शाल काढून तिच्यासकट माणूस निघून गेला म्हणून अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. चहाचंही असंच. मिक्सरपासून हातभर अंतरात काही ओलं आणायचं नाही, म्हणून भाऊ दाराच्या चौकटीत उभे राहून मान बाहेर काढून चहा प्यायचे. आत धड, बाहेर डोकं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा दारात अडकला.

इतकं करूनही सभागृहात कोणी जोरात खोकलं तर तो खोकला गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून दारात लवंगा. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर भाऊ एक लवंग ठेवायचे. "तोंडात ठेवा. चावू नोका. चावल्याचा आवाज येते." मोबाइलची तर पूर्ण बंदी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते स्वतः रांगेरांगेतून फिरून मोबाइल बंद झाल्याचं बघून यायचे. आमच्या गावात लोक लग्नाला जाताना जेवढं घाबरत नाहीत, तेवढं कार्यक्रमाला येताना घाबरत.

नागपूरचे एक शास्त्रीय गायक आले होते, मे महिन्यात. भाऊंनी आलाप सुरू होताच पंखे आणि कूलर बंद केले. आमच्याकडचा मे. पाच मिनिटांत लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घ्यायला लागले. पत्रिकांची फडफड होते म्हणून भाऊ खाली उतरले आणि पहिल्या तीन रांगांतल्या पत्रिका गोळा करून घेऊन गेले. मध्यंतरानंतर पाहिलं, तर सभागृहात गायक, तबलजी, भाऊ आणि मी. मी होते कारण किल्ली माझ्याकडे होती. भाऊ काचेमागून अंगठा दाखवत होते: बेस्ट चाललं आहे.

पाहुण्यांनाही सूट नव्हती. "साहेब, भाषणात प कमी घ्या, माइकमधी फटाके फुटतेत," असं त्यांनी एका मोठ्या माणसाला तोंडावर सांगितलं. त्या बिचाऱ्याच्या भाषणाची सुरुवातच 'परमपूज्य' आणि 'प्रमुख पाहुणे' यांनी व्हायची. तो गडबडला, भाषण दोन मिनिटांत संपलं आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्या काही रेकॉर्डिंगमध्ये आल्या नाहीत.

आणि माझा खोकला. एका शाळेच्या गॅदरिंगला मी पडद्यामागे उभी होते आणि मला उबळ आली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला केबिनमध्ये बोलावून हेडफोन घालायला लावले. आतमध्ये फक्त माझा खोकला. बाकी सगळे चॅनल बंद करून ठेवले होते.

"चॅनल सात," भाऊ म्हणाले. "पोरगी नाचून राहिली, घुंगरू वाजून राहिले, अन् मधात हे."

"मग काढून टाका ना."

"काढतो कसा? इतका साफ आवाज या सभागृहात कोनाचाच आला नाही."

रागावले होते की खूश होते, मला अजून कळलेलं नाही.

तर असा हा माणूस. त्याच्या हातात कौतिकाबाईंचा कार्यक्रम आला.

कौतिकाबाई आंबागडकडच्या. साठीच्या पुढच्या. धानाच्या रोवणीला गेल्या की बांधावर गाणार आणि रात्री वस्तीवस्तीत भीमगीतं गाणार. आमच्या भागात जिला त्यांचं एकही गाणं येत नाही अशी बाई मला माहीत नाही, पण त्यांचं एकही धड रेकॉर्डिंग नव्हतं. त्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, आवाज येईल. पण हाच येईल असं नाही. बाई माझ्याकडे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "पोरी, जय भीम. तुह्या हॉलात एक बार गाऊन घेतो. टेपात भरून दे. उद्या माह्या गळ्यातून दुसरंच कोनी बोललं, तं मी कोन होती हे मले तरी आयकू याले पाह्यजे."

आमच्या महिला मंडळानं हॉल घेतला. डॉक्टरांची परवानगी फक्त एका कार्यक्रमाची. त्यानंतर ऑपरेशनपर्यंत गाणं बंद, बोलणंही हळू. म्हणजे जे भरायचं ते त्या एका बुधवारी.

भाऊंनी दर कार्यक्रमाला करतात ते सगळं केलं, लवंगांसकट; वर बाई थांबल्या की त्यांचा माइक बंद आणि तोंड उघडलं की चालू, असं बोट बटणावर ठेवूनच बसायचं ठरवलं. मी म्हटलं, "भाऊ, एखादा माइक लोकांकडंही ठेवा. बाईच्या गाण्यात लोक बोलतेत."

"पब्लिकले माइक कायले? ते काय गाणारे हायेत?"

कार्यक्रम असा झाला की खुर्च्या संपल्या आणि लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंचं सगळ्यांत लाडकं गाणं सवालाचं आहे. त्या विचारतात, लोक सांगतात. "सांगा पाटी कोनाची?" "आमची!" "सांगा लेखनी कोनाची?" "आमची!" "तळ्याचं पानी कोनाचं?" यावर तर छताचे पत्रे हलले. बाई मुद्दाम कानाला हात लावून "आं? आयकू नाही आलं!" म्हणायच्या आणि लोक दुप्पट ओरडायचे. ढोलकीवाला असा पेटला होता की त्याला माइकची गरजच नव्हती. भाऊंनी त्याची सरकपट्टी खाली ओढली ती वर घेतलीच नाही. त्याचा आवाज सभागृहात तसाच पुरत होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला ऐकायला बोलावलं. चेहऱ्यावर तेज होतं. "एकपन खोकला नाही म्याडम. एकपन."

खरंच नव्हता. बाईंचा आवाज तर असा, की कानाशी बसून गातात. ढोलकी मात्र कुठंतरी डब्यात ठेवल्यासारखी. मग ते गाणं आलं.

"सांगा पाटी कोनाची?"

शांतता.

"सांगा लेखनी कोनाची?"

शांतता. अभ्यास न केलेल्या वर्गात बाई प्रश्न विचारते आणि पोरं माना खाली घालतात, तशी.

"तळ्याचं पानी कोनाचं?"

कोणाचंच नाही. ढोलकी लांबून टुकटुक करते आहे. मग कौतिकाबाई म्हणाल्या, "आं? आयकू नाही आलं!" आणि थोड्या वेळानं त्या शांततेला मनापासून म्हणाल्या, "वा! भले शाबास!"

मला हसू फुटलं. हसता हसता भाऊंकडे बघितलं आणि थांबले. त्यांनी हेडफोन काढून गोधडीवर ठेवले.

"म्याडम," ते म्हणाले, "हे बाई तं एकटीच हाय."

मी विचारलं, कोणाच्या मोबाइलमध्ये असेल का? मग आम्हा दोघांनाही आठवलं, की मोबाइल भाऊंनी स्वतः फिरून बंद करवले होते. पुन्हा गाऊन घेणं शक्य नव्हतं. ऑपरेशन येत्या मंगळवारी. सोमवारी बाई नागपूरला जाणार आणि जाताना आमच्या गावात उतरून टेप घेऊन जाणार.

"मग पब्लिक परत बोलवा," मी म्हटलं. "गाणं लावा, माइक लोकांकडं करा, अन् त्यांना उत्तरं देऊ द्या. ढोलकीची पट्टी वर करता येते ना?"

"ढोलकीची येते. वेगळ्या चॅनलवर हाय." हेडफोनची तार गुंडाळत ते म्हणाले, "पन पब्लिकले मी काय सांगू?"

त्यांच्या तोंडी हा प्रश्न शोभत होता. त्यांनी इतकी वर्षं पब्लिकशी लवंगेपलीकडे संबंध ठेवला नव्हता.

शुक्रवारी सकाळी भाऊ सायकलवर निघाले, घरोघर. नावं माहीत नव्हती; ओळख होती ती खोकल्यावरून. "तुमी तिसऱ्या रांगेतला कोरडा खोकला ना?" असं त्यांनी एका पेंटरला त्याच्या दारात विचारलं, आणि तो घाबरून म्हणाला, "भाऊ, आता बरा हाय." एका बाईला म्हणाले, "तुमचं लेकरू दर कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याले रडते. रविवारी घेऊन या." तिनं माझ्याकडे येऊन विचारलं, याचं डोकं ठीक आहे ना.

रविवारी लोक आले. अर्धे मदतीला, अर्धे भाऊंची गंमत बघायला. भाऊंनी सगळ्यांना बुधवारच्या जागी बसवलं. दोन माइक स्टेजकडे पाठ करून लावले होते, आणि भाऊ त्यांच्यामध्ये उभे. समोर उजेडात इतके लोक बघून त्यांना घाम फुटला होता.

"काहून भाऊ," मागून एक ऑटोवाला ओरडला, "आज लवंग नाही का?"

"नाही."

"मंग खोकलं तं चालते का?"

भाऊंनी दोन्ही माइककडे एकदा बघून घेतलं. "खोका."

सभागृह हसलं. मग मुद्दाम सगळे खोकले. भाऊ उभे राहून ऐकत होते, बँडवाल्यांच्या मिरवणुकीत अडकलेल्या माणसासारखे.

मी पोहे आणि तर्री सांगितली होती. ती वेळेच्या आधी आली. त्यामुळे पहिल्यांदा गाणं लावलं तेव्हा निम्म्या लोकांच्या हातात प्लेटा होत्या. "पाटी कोनाची?" ला कोणी आधी ओरडलं, कोणी नंतर. एका आजोबांनी पाटीचं उत्तर लेखणीच्या वेळी दिलं आणि लेखणीचं पाण्याच्या वेळी. लेकरू रडलं. कोणीतरी चमचा पाडला.

"कचरा," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी लोकांची तालीम घ्यायला सुरुवात केली.

पुढं काय झालं ते लांबवत नाही. मला चार वाजता घरी जायचं होतं, मी दिवेलागणीला गेले. "सगळे एकदम! आजोबा, तुमी नुसतं तोंड हालवा! बाई, लेकराले बाहेर न्या!" आजोबा चिडून म्हणाले, "मी बाबासाहेबायच्या जयंत्यायले ओरडून ओरडून म्हातारा झालो, अन् तू मले तोंड हालवाले सांगून राहिला?" शेवटी शेवटी "आमचं!" असं आलं, की दाराला दार लागावं तसं. एकच आवाज. भाऊंनी डोळे मिटून घेतले.

सोमवारी दुपारी कौतिकाबाई पिशवी घेऊन आल्या. चपला काढून केबिनमध्ये बसल्या. हेडफोन त्यांच्या अंबाड्यावरून नीट बसेनात, ते मी बसवले. भाऊ दारात. हातात चहा नव्हता, तरी डोकं बाहेर.

बाईंनी पूर्ण गाणं ऐकलं. मग घसा जपत हळूच म्हणाल्या, "भाऊ, माहा आवाज तं असा भरला तुमी, का मलेच माहा हेवा वाटून राहिला. पन हे लोक कोन हायेत?"

"तेच जी. बुधवारचेच."

"नाही, नाही. माह्या लोकायले असं एकदम बोलता येत नाही. हे कवायत करून राहिले. माह्यातला कोनी घाईत रायते, कोनी झोपेत. एक म्हतारा तं दर बार मांगं रायते, पाटी विचारली का त्याले तवा ऐकू येते जवा लेखनी चालू होते."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कचरा लावा."

"म्याडम, ते पह्यल्या बारचं..."

"लावा."

त्यांनी लावलं. आपण टाकाऊ ठरवलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. बाई ऐकत होत्या. पाटीला उत्तर आलं, थोडं आधी, थोडं नंतर. चमचा पडला. लेकरू रडलं. "तळ्याचं पानी कोनाचं?" आणि सगळीकडून "आमचं!" आणि सगळे संपल्यावर, एकटे, भरल्या तोंडानं, आजोबा: "लेखनीबी आमची!"

बाई इतक्या हसल्या की मला डॉक्टरांची आठवण करून द्यावी लागली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हे पाहा. हे माहे लोक. हे त्या दिवसाचं नोहे, मले समजते. पन लोक तेच हायेत. चालते मले." मग कानाला हात लावून अगदी हळू, जवळजवळ आवाज न करता, भाऊंना म्हणाल्या, "आं? आयकू नाही आलं!"

भाऊ दारातूनच म्हणाले, "आमचं." बेसूर.

बाईंचं ऑपरेशन झालं. आवाज आला, जाड आणि खालचा. त्या आता ढोलकीचा सूर उतरवून घेतात आणि गातात. जुनं गाणं पेनड्राइव्हवर आहे, सून लावून देते. पहिल्या गळ्यातली बाई कोण होती ते त्यांना ऐकू येतं. मला विचाराल तर दुसरीही बरी गाते.

भाऊंनी ते दोन माइक त्याच आठवड्यात छताला टांगले आणि मिक्सरवर पट्टी चिकटवली: पब्लिक डावी, पब्लिक उजवी. लवंगा मात्र बंद केल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "माइक देल्ला म्हनून का काहीही आयकू?" कंत्राट संपल्यावर ते लाखांदूरला लेकीकडे गेले. तिथल्या विहाराचा भोंगा आता त्यांच्याकडे आहे. लोकांची तक्रार आहे की सकाळची वंदना इतकी स्पष्ट येते, की झोपल्याचं सोंग करता येत नाही. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. माझी विचारपूस नाही. गोधडी धुतली का, एवढंच.

१९ नोव्हेंबर. सकाळी रंगवाला यायच्या आधी गेले. गोधडी घरून धुऊन आणली होती, ती अजून ओलसर होती म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकली. रंग उडू नये म्हणून शिडी लावून दोन्ही माइकवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधणार होते. मग म्हटलं, चालू आहेत की नाहीत ते तरी बघावं. नव्या ऑपरेटरला मिक्सरपाशी बसवलं आणि मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. हॉल रिकामा होता, आणि काय बोलावं सुचेना. घशात कोंडा होताच. मी मोठ्यांदा खोकले, लवंग न ठेवता.

काचेमागून तो ओरडला, "म्याडम, दोन्हीकडं हिरवा दिवा लागला!"

"मग काढायचे नाहीत," मी म्हटलं, आणि पिशव्या घेऊन शिडीवर चढले.